पाणी कुणी दिलं?

आमच्या घरी भात मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या पायलीला अब्बा 'बरकत' म्हणायचे, मग दोन, तीन, चार. नववी पायली पोत्यात पडली की दहावी बाजूच्या हाऱ्यात. तो हारा उश्रचा. लहानपणी मी सोप्यात उंबऱ्यापाशी बसून हे मोजणं बघायची, आणि अब्बांचा हात दहाव्या पायलीलाही पोत्याकडे वळला की ओरडायची. बहुतेक ते मुद्दाम चुकायचे.

जकात सगळ्यांना ठाऊक असते. शेतीच्या उत्पन्नावरचा उश्र मात्र पुष्कळ घरांतून निघून गेला. कुणाच्या जमिनीच राहिल्या नाहीत, कुणाला हिशेब ठेवणं जमलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्या पिकाला आभाळाचं पाणी मिळालं, त्याचा दहावा हिस्सा गरिबांचा. ज्याला माणसानं मोट किंवा मोटार लावून, कष्ट आणि पैसा खर्चून पाणी पाजलं, त्याचा विसावा. म्हणजे पाण्यासाठी खर्च करावा लागला तर देणं निम्म्यावर येतं. असं का, हे मी आठवीत असताना अब्बांना विचारलं होतं. घरी आम्ही दखनी बोलतो. ते म्हणाले, "पानी कौन दिया, वो देखनेका."

आजऱ्यात हा प्रश्न तेव्हा कुणाला पडतच नव्हता. आमचा तालुका पावसाचा. आंबोलीजवळ उगवणारी हिरण्यकेशी आमच्या गावाला वळसा घालून गडहिंग्लजकडं जाते आणि पुढं कर्नाटकात घटप्रभेला मिळते. पावसाळ्यात पाणी मागायचं नसतं, ते थांबावं म्हणून वाट बघायची असते, असं आमचं बालपण. आणि पीक कोणतं, तर घनसाळ. आखूड दाण्याचा, शिजताना सगळ्या गल्लीला कळावं असा वासाचा तांदूळ. 2016 मध्ये 'आजरा घनसाळ'ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही शाळेत मुलांना पेढे वाटले होते. पण हे भात नाजूक आहे. तयार व्हायला पाच महिन्यांच्या आसपास घेतं, ताट उंच वाढतं, कणसात दाणा भरला की जरा वाऱ्यानं आडवं पडतं. एकरी उतारा संकरित जातींच्या मानानं कमीच. पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर गेला, तरच त्याचं सोनं.

ही वेळ कशी धरायची, ते दादीकडून शिकावं. तिच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असायची. एक मशिदीतून मिळालेलं, नमाजच्या वेळांचं आणि चांदच्या महिन्यांचं. दुसरं बाजारातलं, नक्षत्रांचं. ती लिहायला शिकली नव्हती, पण दोन्ही वाचायची. रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, उन्हाळ्यातून हिवाळ्यात, हिवाळ्यातून पावसाळ्यात फिरतात, हे तिला तोंडपाठ होतं. नक्षत्रं मात्र जागची हलत नाहीत. रोहिणी 25 मेच्या सुमाराला, मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, मग आर्द्रा. रोहिणीत तरवा टाकायचा, म्हणजे भाताची रोपं तयार करायला बी पेरायचं. आर्द्रा संपता संपता लावण. हस्ताच्या पावसानं दाणा भरायचा आणि दिवाळीनंतर कापणी. ती म्हणायची, ईद आपल्याला भेटायला फिरते, शेतीचा वक्त मात्र जागेवर उभा असतो.

दादी 2004 साली गेली. तिचा उभा असलेला वक्त हलायला लागलाय, हे आम्हाला 2019 मध्ये जाणवलं.

त्या वर्षी बकरी ईद 12 ऑगस्टला होती. ईदच्या आधीचा आठवडा कोल्हापूर-सांगलीकर कधी विसरणार नाहीत. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता. माझी नणंद कोल्हापुरात, तिचा फोन लागत नव्हता. इकडं हिरण्यकेशीनं साळगावचा बंधारा केव्हाच पोटात घेतला होता, आणि आमचं नदीकडचं मळीचं रान दिसेनासं झालं होतं. रानात अब्बांनी बांधलेली एक खोली आहे, मोटारीचा स्टार्टर असतो तिथं. तिच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, त्यांनीच कोळशानं ओढलेली. पाणी उतरल्यावर भाईजाननं तिच्या हातभर वर नवी खूण केली. लावलेलं भात गाळाखाली गेलं होतं. जिथं रोपं दिसत होती तीही हात लावला की निसटून येत होती.

ईदची नमाज झाली. इमामसाहेबांनी खुतब्यात हुजूर (स.) यांच्या वेळची गोष्ट सांगितली. दुष्काळात एकानं पावसासाठी दुआ करायची विनंती केली, पाऊस आला आणि थांबेचना. पुढच्या जुम्याला पुन्हा विनंती झाली की आता थांबू द्या. तेव्हा त्यांनी पाऊस बंद होण्याची दुआ केली नाही. तो आमच्यावर नको, आजूबाजूच्या डोंगरांवर आणि झाडाझुडपांवर पडू दे, अशा अर्थाची दुआ केली. हा किस्सा मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मशिदीत ज्यांची रानं पाण्याखाली होती अशी माणसं बसली होती, आणि घरी येऊन भाईजाननं सांगितलं की आमीन म्हणताना आवाज फुटत नव्हता.

आम्ही म्हटलं, असा पूर पंधरा-वीस वर्षांतून एकदा. 2005 नंतर 2019. आता आपली मुलं बघतील पुढचा. पण दोनच वर्षांनी, 2021 मध्ये, बकरी ईद 21 जुलैला झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आभाळ फाटलं. पंचगंगा पुन्हा 2019 च्या बरोबरीला गेली, महामार्ग पुन्हा बंद. आमच्याकडं वीज गेली, फ्रीजमध्ये कुर्बानीचं गोश्त. भाभीनं आणि मोहल्ल्यातल्या बायकांनी ते सगळं एका जागी आणलं, मोठ्या डेगीत शिजवलं, आणि नदीकडच्या गल्लीतली जी घरं रिकामी करावी लागली होती त्या लोकांना दोन दिवस जेवण गेलं. जे गोश्त खात नव्हते त्यांना डाळ-भात. स्टार्टरच्या खोलीवर तिसरी खूण पडली, 2019 च्या चार बोटं खाली.

मी भाषा शिकवते. हवामान हा माझा विषय नाही. पण उर्दूच्या तासाला 'मौसम' हा शब्द आला की मुलांना सांगते, हा अरबी शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'ठरलेली वेळ' असा अर्थ आहे. अरब खलाशी वाऱ्यांच्या ठरलेल्या वेळेवर जहाजं हाकत, तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून गेला आणि त्याचा मॉन्सून झाला. अशी शब्दांची गंमत सांगितली की मुलं खूश होतात. अलीकडं मात्र सांगताना मीच अडखळते. ठरलेली वेळ कुठं राहिलीय?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात आढळलं. आणि तो ओलावा मुख्यतः अरबी समुद्रावरून येतो. आपला घाटमाथा त्या पट्ट्यात नाही, पण समुद्र तोच आणि वारे तेच. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस नसतो तेव्हा नसतोच, आणि येतो तेव्हा सगळा हिशेब एका आठवड्यात चुकता करतो. सातवीतल्या एका मुलानं प्लास्टिकची बाटली कापून, पट्टी चिकटवून पर्जन्यमापक केला. 2022 च्या पावसाळ्यापासून आमच्या शाळेच्या गच्चीवर ती बाटली आहे आणि मुलं वहीत रोज आकडा लिहितात. सुट्टीच्या दिवशी शाळेजवळ राहणारी मुलं लिहितात. आकडे काटेकोर असतील असं मी म्हणणार नाही. पण ती वही पुढं घरच्या भांडणात कामाला आली.

ते भांडण 2023 च्या सुगीतलं. त्या वर्षी दुष्काळ पडला नाही, पूरही आला नाही, तरी आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलाचाली झाली.

जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं आणि मॉन्सून कोकणच्या तोंडाशी अडकला. मुंबईत तो 25 जूनला पोचला, दिल्लीत त्याच दिवशी. मृग कोरडा गेला. तरवा वाळायला लागला तेव्हा भाईजाननं नदीवरची मोटार सुरू केली. डोहात पाणी इतकं खाली होतं की फूट व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडं सगळे 'फुटबॉल' म्हणतात, दोनदा पुढं सरकवावा लागला. जुलैत भरपूर पाऊस झाला, लावण उरकली. मग ऑगस्ट आला. देशात 1901 पासून नोंदी आहेत, त्यांतला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. आजऱ्यात, भर पावसाळ्यात, भाताच्या वाफ्यात भेगा! ज्या रानातून पाणी बाहेर काढायला आम्ही चर खणतो, त्यात पाणी सोडायला माणूस रात्री उठून मोटार चालू करत होता. त्यातच मोटार जळाली, रिवाइंडिंगचे पैसे झाले.

डिसेंबरच्या सुरुवातीला सोप्यात मोजणं सुरू झालं. आता पायली भाईजानच्या हातात असते. अब्बा ऐंशीच्या घरात, खुर्चीवर बसून आकडे मोठ्यानं म्हणतात. बरकत, दो, तीन. नऊ झाले. दहावी पायली भाईजाननं पोत्यात ओतली. अब्बा थांबले.

"दस हुए."

"अब्बा, इस साल मोटर चली है. बीसवां."

"मोटर चली. बारिश नहीं हुई क्या?"

भाईजाननं पायली खाली ठेवली. मग त्यानं विजेचं बिल सांगितलं, रिवाइंडिंग सांगितलं, दोन वेळा टाकलेल्या बियाण्याचा खर्च सांगितला. तो कंजूष नाही. वाचणाऱ्यांनी तसं समजू नये. दोन पुरांनंतर त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं आणि शरीअतनंच दिलेली सवलत तो मागत होता. अब्बा म्हणाले, आयुष्यात मी कधी वीस मोजले नाहीत. भाईजान म्हणाला, आपके जमाने में पानी भी वक्त पे आता था. यावर अब्बा काही बोलले नाहीत. मोजणं तिथंच राहिलं, चहा झाला, आणि चहा कुणीच धड प्यायला नाही.

इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं की दोन्ही प्रकारचं पाणी असेल, तर पिकाच्या हंगामात जास्त काळ कोणतं पाणी मिळालं ते बघायचं, त्यावरून ठरवायचं. (मसला ज्यानं त्यानं आपल्या आलिमांना विचारावा; मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगते आहे.) आणि जाताना स्वतःचं म्हणून एक बोलले: मोजून दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या तर गरिबाच्या बाजूनं जा.

मग आम्ही मोजलं. मोटार तीन घरांत मिळून आहे, बिल वाटून घ्यावं लागतं. म्हणून भाभी ज्या दिवशी मोटार चालेल त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये 'मो' लिहिते. दुधाच्या खाड्यांशेजारी, गॅसच्या तारखेशेजारी. मी शाळेतली पावसाची वही आणली. एका बाजूला भाभीचे 'मो', एका बाजूला मुलांचे आकडे, मध्ये अब्बांचा चष्मा. तरव्यापासून दाणा पक्व होईपर्यंतचे पाच महिने. 'मो' निघाले 38. बाकीच्या दिवसांत पिकाला आभाळाचंच पाणी होतं. दहावा हिस्साच निघत होता, आणि भाईजानलाही तो मान्य झाला.

पण त्यानं एक विचारलं, आणि ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "हिस्सा गरिबांचा, बराबर. मग जो खर्च बदलत्या पावसामुळं वाढला, तो कुणाच्या हिश्शातून काढायचा?"

मी पगारदार आहे. महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यात येतात. अशा बहिणीला तत्त्व स्वस्त पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. रिवाइंडिंगचे निम्मे पैसे मी दिले. भाईजाननं घेतले, पण दोन दिवस नीट बोलला नाही.

गेली काही वर्षं आजऱ्यात, खरं तर सगळ्या घाटमाथ्यावर, लोक आपापल्या परीनं बदलतायत. आता बऱ्याच जणांनी तरवा गादीवाफ्यावर टाकायला सुरुवात केली आहे, म्हणजे पाणी साचलं तरी बी कुजत नाही. काही जण आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन तरवे टाकतात, एक गेला तर दुसरा. पूर्वी कापलेलं भात दोन-तीन दिवस रानातच वाळवायचं, मग खळ्यावर मळायचं; आता कापलं की ताडपत्री, कापलं की मशीन. तेही घनसाळ आडवं पडलेलं असलं तर मशीनला धरवत नाही. काहींनी कमी दिवसांच्या जाती घेतल्या. माळावर काजू लावला, तर मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा आणि अवेळी सर, मोहोर काळा पडतो, वर ढेकण्या किडीचा त्रास. त्यातून राहिलं तर गवे आहेतच. आणि ज्यांचं रान नदीकाठी आहे ते ऊस लावतात. ऊस चार-सहा दिवस पाण्यात उभा राहतो, कारखाना गवश्याला जवळच आहे, बिलाची खात्री आहे. उसाला वर्षभर पाणी लागतं हे सगळ्यांना कळतं. पण दोनदा गाळात हात घालून कुजलेली रोपं उपसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मी तरी भाईजानला सांगू शकले नाही.

अब्बांचं दुःख वेगळं. ते म्हणतात घनसाळचा वास कमी झालाय. मला आधी वाटलं, वयानं त्यांचंच नाक गेलं. पण सुवासिक भातांना दाणा भरताना थंड रात्री मानवतात, आणि ऑक्टोबरच्या आमच्या रात्री आता पांघरुणाशिवाय जातात. तेव्हा कदाचित त्यांचं नाक शाबूत असेल.

या सगळ्या बदलांत जिची नोंद आमच्या कॅलेंडरवर कधीच नव्हती, अशी एक बाई आहे. नदीकडच्या गल्लीत राहणारी खाला. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. नवरा गेला, मुलगी इचलकरंजीला दिलेली. तीस वर्षं ती आमच्याकडं तरवा काढायला, लावणीला, भांगलणीला, कापणीला येते. लावणीच्या वेळी सगळ्या बायकांत तिची ओळ सरळ. उश्रच्या हाऱ्यातला मोठा वाटाही तिच्याकडंच जातो. तोही आम्ही दिवसाढवळ्या देत नाही, मगरीबनंतर भाभी मागच्या दारानं जाते.

2024 च्या जुलैत नदी पुन्हा मळीत शिरली. त्या वर्षी कॅलेंडरवर 'मो' जेमतेम दोन-चार, त्यामुळे दहावा हिस्सा कुणी विचारायचं कारणच नव्हतं. पण वरच्या वाफ्यांतलंच भात हाताला लागलं, म्हणजे दहावा हिस्सा थोड्याचा. मग 2025. मॉन्सून केरळात 24 मेला आला, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात. त्याच्या आधीच वळवाचा पाऊस इतका झाला की धूळवाफेवर पेरायला कोरडी धूळच मिळेना. आजरा, चंदगड, भुदरगड, सगळीकडं हीच रड. आमचा पहिला तरवा पाण्यात कुजला. दुसऱ्यासाठी बियाणं शेजाऱ्यांकडून आणलं. शाळा सुरू झाल्यावर मी 'पावसाळा' विषयावर निबंध लिहायला सांगितला. निम्म्या मुलांनी 'मृग नक्षत्र लागताच' अशी पाठ केलेली सुरुवात केली. एकानं लिहिलं, 'यंदा पावसाळा मे महिन्यात आला. तो धरायचा की नाही ते आमच्या घरी ठरलेलं नाही.' मी त्याला पूर्ण गुण दिले. दिवाळी संपली, कापणी तोंडावर आली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पाऊस. आडव्या पडलेल्या कणसांतले दाणे जागेवरच मोडावले.

त्या सुगीत भाईजाननं जाहीर केलं, मळीत आता भात नाही, ऊस. वरचे वाफे तेवढे घनसाळला. अब्बा म्हणाले, ठीक है. त्यांनी इतक्या लवकर मान्य करावं याचंच मला वाईट वाटलं.

डिसेंबरात भाभीला ताप होता, म्हणून उश्रचं भात घेऊन मी खालाकडं गेले. पोतं नेहमीपेक्षा हलकं. तिनं ते आत ओढून ठेवलं, दुआ दिली, पाणी दिलं. मग म्हणाली, "बेटी, चावल तो भेजे. काम?"

मला आधी कळलंच नाही. तिला मळीतल्या उसाचं समजलं होतं. उसाला लावणीची ओळ लागत नाही. तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात. मळीतली भातलावण, दोन भांगलणी, कापणी, हे सगळं मिळून तिचे वर्षातले चाळीसेक दिवस जात होते, ते एका निर्णयात गेले. आम्हाला पुरापासून वाचायचं होतं. आम्ही वाचलो. तिच्या घरातही 2019 ला आणि 2021 ला पाणी आलं होतं, पण बदलायला तिच्याकडं रान नव्हतं, वरचा वाफा नव्हता, पगार नव्हता. दहावा की विसावा यावर आम्ही घरात एवढं मोजलं, ज्या हिश्शाची ती हक्कदार होती त्यातली पायली-पायली मोजली; आणि तिची चाळीस दिवसांची मजुरी मोजायची राहून गेली. भाईजानच्या त्या प्रश्नाचं उत्तर एका अर्थानं आम्ही देऊन मोकळे झालो होतो. खर्च तिच्या हिश्शातून गेला.

घरी येऊन मी हे बोलले तेव्हा भाईजान चिडला. सगळ्या गावाची शेती आपल्यावर आहे का, म्हणाला. तेही खरं आहे. रात्री जेवताना अब्बांनीच विषय काढला. गेल्या दोन-तीन वर्षांत कितीतरी जणांचा तरवा कुजतो नाहीतर वाळतो, आणि मग लोक तयार रोपांसाठी गावोगाव फिरतात. वरचा एक वाफा खालाला आणि तिच्याबरोबरच्या दोन बायकांना द्यायचा. त्यांनी गादीवाफे करून घनसाळचा तरवा घालायचा, दोनदा, दहा दिवसांच्या अंतरानं. ज्याला लागेल तो विकत नेईल. आपला तरवा गेला तर आपणही त्यांच्याकडूनच पैसे देऊन घ्यायचा.

भाभीला पटलं. भाईजाननं लगेच हिशेब काढला: बियाणं किती, वाफा किती, पाऊस लांबला तर मोटारीचं पाणी. आणि मोटारीत आणखी दोन घरं वाटेकरी आहेत, त्यांना काय सांगायचं? मी खालाला जाऊन विचारलं. ती लगेच हो म्हणाली नाही. जमीन कसायची म्हटल्यावर घाबरली असेल असं मला वाटलं, पण तिचा प्रश्न सरळ होता. बिना बारिश के मोटर चली तो पानी का पैसा हमारे ऊपर लगेगा क्या?

जानेवारीत दोन्ही नवी कॅलेंडरं भिंतीवर लागली. 2026 ची बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात येते आहे, बरोबर रोहिणीच्या तोंडावर. दादी असती तर म्हणाली असती, ईद तरवा बघायला येतेय. खालाच्या प्रश्नाला भाईजाननं अजून उत्तर दिलेलं नाही. तो मोटारीच्या वाटेकऱ्यांशी बोलतो आहे, एकदा चिडून, एकदा समजुतीनं. भाभीनं मात्र कणगीतलं बियाणं पाखडायला बाहेर काढलंय, आणि काल संध्याकाळी खाला सुपासमोर येऊन बसली. मोडावलेले दाणे ती एकेक करून बाजूला टाकत होती.